जिथे चिकू पिकत नाही

डिसेंबर लागला की आमच्या डहाणूच्या वाडीत सकाळचा पहिला आवाज पक्ष्यांचा नसतो, खोक्यांना लावायच्या टेपचा असतो. कोणीतरी ती ओढतं आणि चर्रर्र असा आवाज सगळ्या झाडांमधून जातो. मग पक्षी दचकून जागे होतात. पाठोपाठ फळं धुण्याचं पिंप फिरायला लागतं. चिकूच्या अंगावरचा तपकिरी भुसा पाण्यात सुटतो आणि ओल्या गोणपाटासारखा, थोडा गोड, थोडा मातकट वास ओट्यापर्यंत येतो. समुद्राकडून गार वारा येत असतो. आगर गावाच्या बाजूला सुकत घातलेल्या मासळीचा वास त्यात मिसळला की थंडी पडली असं आम्ही समजतो. हवामान खात्याला ते बहुधा नंतर कळतं.

याच दिवसांत पाहुणेही येतात. वाडीच्या टोकाला आम्ही दोन खोल्या बांधल्या आहेत. शहरातली माणसं तिथे शांतता ऐकायला येतात आणि सोबत स्पीकर आणतात. गेल्या रविवारी असाच एक तरुण गृहस्थ पोह्यांची बशी हातात घेऊन माझ्यासमोर बसला आणि त्याने विचारलं, "काका, जगातलं तुमचं फेव्हरेट शहर कोणतं?"

त्याची स्वतःची यादी तयार होती. किराणा सांगावा तशी त्याने ती सांगितली. लिस्बन, क्योटो, प्राग. प्रत्येक नावापुढे एकेक पदार्थ. मी म्हटलं, "विचार करून सांगतो." मी कुठेच गेलेलो नाही असा त्याने त्याचा अर्थ घेतला, आणि दयेने विषय नारळपाण्याकडे वळवला. तेवढ्यात दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, चिकूची पाटी घेऊन ओट्यासमोरून चालला होता. पाहुण्याने सभ्यपणे त्यालाही तोच प्रश्न विचारला. दादाने न थांबता एका शब्दात उत्तर दिलं. त्या उत्तराने स्वयंपाकघरातल्या कढईतला झारा जागच्या जागी थांबला, ते मी ऐकलं. पण ते उत्तर एका दमात सांगण्यासारखं नाही. त्याच्यामागे एक अख्खा हंगाम आहे.

मी जगातली पुष्कळ शहरं पाहिली आहेत. बहुतेक सगळी आडवं पडून, छातीवर पुस्तक ठेवून. त्या शहरांत मला कधी सामान हरवल्याचा त्रास झाला नाही. काही शहरं खत कंपनीच्या नोकरीत असताना प्रत्यक्षही पाहिली. पण परिषदांच्या शहरांना खिडक्या नसतात. सगळीकडे तीच मखमली खुर्ची, तीच पाण्याची छोटी बाटली आणि "थोडक्यात सांगतो" म्हणून उठणारा तोच माणूस. त्यामुळे आवडत्या शहरांबद्दल कोणी फार जोरात बोलायला लागलं की माझ्या मनात शंका येते. माणसाला शहर आवडलेलं असतं, की तिथे गेलेला स्वतः?

दादाची गोष्ट वेगळी. त्याच्या जगाचा नकाशा मी डोळे मिटून काढू शकतो. पश्चिमेला समुद्र, तिथे नकाशा आपोआप संपतोच. पूर्वेला विवळवेढ्याची महालक्ष्मी. चैत्रात यात्रेला जायचं आणि दिवेलागणीच्या आत परत. उत्तरेला तलासरी, तिथे वहिनीचं माहेर. दक्षिणेला मुंबई, ती फक्त दवाखान्यासाठी. याचं कारण विचारलं तर तो एकच सांगतो: चिकू. आंबेवाल्याला पावसाळा मोकळा मिळतो, भातवाल्याला उन्हाळा. चिकूचं झाड मात्र वर्षभर धरतं. एका फांदीवर फूल, दुसरीवर सुपारीएवढं फळ, तिसरीवर तयार. त्याला सुट्टी ठाऊक नाही, म्हणून चिकूवाल्यालाही नाही. थंडीत तर विचारूच नका. दादाच्या बोटांवर या दिवसांत चिकाचा काळसर थर बसलेला असतो, आणि तो धूत नाही. "उद्या परत लागणारच आहे," म्हणतो. हंगामात मी त्याला हात घासून स्वच्छ करताना एकदाच पाहिलं होतं, त्याच्या मुलीच्या लग्नात.

ती मुलगी, मंजू, आता व्हिएन्नात असते. दरवर्षी बोलावते. दरवर्षी दादा म्हणतो, "पुढच्या वर्षी." पुढचं वर्षही चिकूचंच निघतं.

तीन वर्षांपूर्वीच्या अशाच थंडीत तलासरीला वहिनीच्या माहेरच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी समाजाच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. ते सतरा शहरं करून आले होते. 'करून' हा त्यांचाच शब्द. माणसं धाम करतात, उपास करतात, तशी यांनी शहरं केली होती. पडद्यावर फोटो सुरू झाले. प्रत्येक फोटोत मध्यभागी गृहस्थ, आणि त्यांच्या खांद्यामागून डोकावणारा एखादा मनोरा, जणू तोच त्यांना बघायला आला होता. शाल झाली, श्रीफळ झालं. शेवटी कोणाला काही विचारायचंय का, असं सूत्रसंचालकाने उपचार म्हणून म्हटलं, आणि माझ्या शेजारी बसलेली वहिनी उठून उभी राहिली. ती सभेत उभी राहिलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

"यातल्या कुठल्या गावाला परत जाल?" तिने विचारलं.

गृहस्थ हसले. "परत कशाला जायचं, ताई? झालं की बघून!"

हॉलमध्ये हशा झाला. वहिनी बसली. येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. महामार्गावर एकामागे एक ट्रक होते. तलासरी मागे पडल्यावर ती दादाला म्हणाली, "मी मंजूकडे जाणार. या थंडीतच."

"जा की," दादा म्हणाला. "मी कुठे अडवलंय?"

ज्यांनी संसार केला आहे त्यांना हे वाक्य ठाऊक असेल. त्यात परवानगी असते, फक्त सोबत नसते.

"तुम्ही?" वहिनी म्हणाली.

"अगं, जानेवारीचा चिकू कोण बघेल?"

वहिनीला व्हिएन्ना बघायचं नव्हतंच. दादाने एकदा तरी वाडीकडे पाठ करून, आपल्या शेजारी कुठल्यातरी अनोळखी रस्त्यावर नुसतं चालावं, एवढीच तिची इच्छा होती. लग्न झाल्यापासून ती ही मागणी निरनिराळ्या गावांच्या नावाने करत आली होती. महाबळेश्वर म्हणून झालं, काशी म्हणून झालं. गावं बदलली, उत्तर तेच राहिलं.

व्हिसासाठी मुंबईला मी तिच्यासोबत गेलो. काचेपलीकडच्या मुलीने तिला बोटं ठेवायला सांगितली आणि यंत्राने ती नाकारली. पुन्हा ठेवली, पुन्हा नाकारली. आदल्या संध्याकाळपर्यंत वहिनी चिकू निवडत होती. बोटांच्या रेषांत चीक मुरला होता. "आजी, काय काम करता तुम्ही?" मुलीने विचारलं. "घरीच असते," वहिनी म्हणाली. शेवटी मी खालून खोबरेल तेलाची बाटली आणली, वहिनीने बाथरूममध्ये उभं राहून बोटं चोळली, आणि मगच युरोपला तिची ओळख पटली.

निघायच्या आदल्या दिवशी दादाने स्वतः तिच्यासाठी चिकू काढले. कैनाडचा लहानू आमच्याकडे तोडणीचं सगळं बघतो. टोकाला जाळी बांधलेला बांबू त्याच्या हातात असला की फळ खाली पडत नाही, उतरतं. पण त्या दिवशी दादाने बांबू त्याच्याकडून घेतला. एकेक फळ नखाने किंचित खरवडून बघितलं, खालचा रंग हिरवा की पिवळट ते पाहिलं. हा आमचा पिढीजात हिशेब आहे. दिल्लीला जाणारा चिकू कुठल्या दिवशी तोडला तर तिथे उतरताना मऊ असेल, हे दादा झोपेतही सांगेल.

"हे तू पोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी होतील," तो वहिनीला म्हणाला. "मंजूला दे. आणि पहिला तू खा."

लहानू हसत होता. "दादा, चिकू धाडता, तर तुमी पन जा ना. झाडं काय पळून जानार हायेत?"

"तू तुझं काम कर," दादा म्हणाला.

अशी फळं तिकडे नेऊ देतात का, असं मी विचारलं. नियमात बसत नसावं असा माझा अंदाज होता. वहिनी म्हणाली, "भाऊजी, फळ आहे ते. बॉम्ब नाही." तिला कोणी अडवलं नाही. नऊवारीतल्या, हात जोडून नमस्कार करणाऱ्या बाईची पिशवी उघडायला फार धीट अधिकारी लागतो.

त्यानंतर घरात जे दिवस गेले ते मला अजून वासासकट आठवतात. चुलीवरचं पाणी उशिरा तापायचं. फोडणीत दादा मोहरीआधी हिंग घालायचा. आमच्याकडे रीत अशी, की पिकायला ठेवलेल्या चिकूंतला पहिला मऊ झालेला दादा हाताने फोडतो आणि अर्धा वहिनीला देतो. दोघंही बोलत नाहीत. तिने मान हलवली की तो सगळा ढीग खाण्याजोगा झाला. ही प्रेमाची वगैरे रीत नाही, कामाची आहे. त्या थंडीत त्याने सवयीने फोडलेला अर्धा चिकू हातात धरून आजूबाजूला पाहिलं आणि शेवटी मला दिला.

"कसा आहे?"

"गोड आहे," मी म्हटलं.

"गोड सगळेच असतात," तो वैतागून म्हणाला. "झालाय का?"

मला सांगता आलं नाही. झालेला आणि गोड यांत फरक असतो हे मी ऐकून होतो, पण तो माझ्या जिभेला कधी कळला नव्हता.

खोके न्यायला येणाऱ्या गुजराती व्यापाऱ्यानेही वहिनी एकटीच कशी गेली ते विचारून घेतलं, "शुं दादा, भाभी एकलां फॉरेन गयां? तमे केम नहीं?" दादा म्हणाला, "चीकू कोण तोडशे? तुं?" व्यापारी हसला. दादा हसला नाही.

वहिनीचा फोन रोज दुपारी यायचा. पडद्यावर तिचं कपाळ आणि मागे पांढरं आकाश दिसायचं. दादाचा पहिला प्रश्न ठरलेला, "झाले का?" तो राजवाड्यांबद्दल नसायचा. पाचव्या की सहाव्या दिवशी वहिनी अपराधी आवाजात म्हणाली, "अहो, दगडासारखे आहेत अजून."

"ठेवलेत कुठे?"

तिने फोन फिरवून दाखवलं. मंजूच्या घराच्या खिडक्या जुन्या पद्धतीच्या, दुहेरी. काचेची एक जोडी आत, एक बाहेर, मध्ये वीतभर जागा. तिथे दिवसभर ऊन येत होतं. काचेतून आलेलं, सोनेरी, कोणालाही फसवेल असं. वहिनीने ते पाहिलं आणि चिकू ओळीने तिथे मांडले. डहाणूच्या माणसाने दुसरं काय केलं असतं? आमच्याकडे ऊन दिसलं म्हणजे ऊब आलीच. नुसतं दिसणारं ऊन आम्ही कधी पाहिलेलंच नाही. मंजू कामावरून आल्यावर हसून हसून बेजार झाली. तिथली माणसं त्या जागेत हिवाळ्यात दूध आणि लोणी गार राहायला ठेवतात.

थंडी लागलेला चिकू मग उबेत आणला तरी पिकत नाही. आतून राग धरतो. दादाने हे ऐकलं, फोन माझ्याकडे दिला आणि उठून बागेत गेला. त्याचा हिशेब आयुष्यात पहिल्यांदा चुकला होता. आणि तो चुकला होता, कारण व्हिएन्नाचे दिवस त्याने डहाणूच्या उबेने मोजले होते.

मला ती खिडकी फार आवडते. मी न पाहिलेल्या गोष्टींत तिचा क्रमांक बराच वर आहे. नामांकित शहरांची वर्णनं वाचताना आता मला तिथलं ऊन आधी आठवतं. भरपूर प्रकाश, ओळीने मांडलेली आपली फळं, आणि कोणीच मऊ होत नाही.

पण त्या हंगामात एक चिकू पिकला. वहिनीच्या पर्समध्ये, शालीच्या घडीत, तो चुकून राहून गेला होता. मंजू तिला आगगाडीने बुडापेस्टला घेऊन गेली. तिथे उघड्यावर गरम पाण्याची मोठी कुंडं आहेत. बाहेर बर्फ पडत असतो आणि म्हातारी माणसं छातीपर्यंत वाफाळत्या पाण्यात बसून बुद्धिबळ खेळतात. मंजूने आईसाठी पायघोळ पोहण्याचा पोशाख आणला होता. वहिनी पाण्यात उतरली की नाही, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही. विचारलं की ती पाण्यावरून बर्फावर जाते. एवढं मात्र तिने सांगितलं, परत आल्यावर, याच ओट्यावर बसून.

"मी बाकावर बसले होते, मंजू आत गेली होती. शेजारी एक म्हातारी. तिचे हे पाण्यात, पटावरून मान वर करत नव्हते. ती मधूनमधून त्यांच्याकडे बघायची आणि सुस्कारा टाकायची. मी मनात म्हटलं, अगं बाई, हे तर आपलंच! माझे चिकूत, तिचे पाण्यात. पर्समध्ये रुमाल बघायला गेले तर हा हाताला लागला. मऊ. फोडला. अर्धा खाल्ला, आणि अर्धा..." ती दादाकडे न बघता म्हणाली, "सवयीने हात पुढे झाला. मग म्हातारीलाच दिला."

"खाल्ला तिने?" दादाने विचारलं.

"बीसकट खायला निघाली होती! मी ओरडले, बी, बी! घशात अडकली असती. मग तिने बी काढली, सगळा खाल्ला आणि मान हलवली."

"कशी?"

वहिनीने मान हलवून दाखवली. अगदी तीच, ढीग झालाय असं सांगणारी.

मग वहिनी म्हणाली, "त्या गावाला मला परत जायचंय. तुमचे गुडघे त्या पाण्यात घालायचेत."

"पुढच्या वर्षी," दादा म्हणाला.

खिडकीतल्या चिकूंपैकी एक तिने परत आणला होता. दादाने तो तळहातावर फिरवला, नाकाशी नेला. "थंडी लागली याला," म्हणाला, आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवला. हट्टी फळ आम्ही तांदळाच्या उबेत ठेवतो. तो रोज डब्यात हात घालून बघायचा. चिकू पिकला नाही. सुकत सुकत सुपारीएवढा झाला, आणि एक दिवस वहिनीने तो वाडीच्या मातीत टाकला. पुढची थंडी आली, गेली. त्यानंतरचीही. गुडघे जास्त दुखायला लागले. जिना टाळून दादा खालच्या खोलीत झोपायला लागला. वहिनीने बुडापेस्टचं नाव काढणं बंद केलं, आणि ती मागणी करणं थांबवते आहे हे घरात सगळ्यांना, बहुधा दादालाही, ऐकू येत होतं.

तर गेल्या रविवारी पाहुण्याने दादाला विचारलं, जगातलं तुमचं आवडतं शहर कोणतं, आणि दादाने पाटी न ठेवता सांगितलं, "बुडापेस्ट."

"अरे वा!" पाहुणा म्हणाला. "केव्हा गेला होतात?"

"गेलो नाही," दादा म्हणाला आणि पिंपाकडे निघून गेला.

पाहुणा माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या यादीत असं शहर बसत नव्हतं. मी त्याला आणखी पोहे घ्यायला सांगितले. आत झारा पुन्हा फिरायला लागला होता, जरा जास्तच जोरात.

त्यानंतर मंजूचे फोन वाढले, आणि वहिनी बोलता बोलता मागच्या पडवीत जायला लागली.

आज सकाळी टेपचा आवाज ऐकून मी बाहेर आलो. कोवळं ऊन होतं, आमचं, दिसतं तेवढं लागणारं. ऐन हंगाम, लहानूची माणसं झाडांत, नुकत्या उतरवलेल्या चिकूंच्या पाट्या ओट्याला टेकलेल्या. आणि दादा पायरीवर बसला होता, शेजारी खोबरेल तेलाची वाटी, मांडीवर जुनं फडकं. तो बोटं घासत होता. एकेक बोट, पेरापेराने, नखांच्या कडांपर्यंत. अंगठा तर उजेडात धरून बघत होता.

मी खालच्या पायरीवर टेकलो.

"परवा मुंबईला जायचंय," तोच म्हणाला. "ठसे उमटायला पाहिजेत म्हणे."

"वाडी?" मी म्हटलं, आणि म्हणताक्षणीच उत्तर माझ्या लक्षात आलं.

वरच्या पाटीतून एक चिकू घरंगळला आणि पायऱ्या उतरत त्याच्या पायाशी येऊन थांबला. देठातून पांढरा चीक पाझरत होता. दादाचा हात आपोआप खाली गेला. फळाच्या वर वीतभर अंतरावर थांबला. मग त्याने तो हात मागे घेतला, तेलाने चकाकणारा, जवळजवळ दुसऱ्याच कोणाचा वाटावा असा स्वच्छ.

"उचल तो," तो मला म्हणाला. "आणि नखाने खरवडून सांग, कधी होईल."

मी चिकू उचलला. बोटांना चीक लागला.